पित्ताच्या गोळीआड लपू शकतो जठराचा लिम्फोमा. निदान कसे होते, उपचार काय?

चाकण-भोसरीतल्या कारखान्यांत पाळी बदलली की जेवणाची वेळही बदलते. मग पोटात जळजळले की ‘पित्त झाले’ म्हणत मेडिकलमधून गोळी घेतली जाते. बहुतेकदा ते पित्तच असते. पण गोळी थांबवताच त्रास पुन्हा सुरू होत असेल, तर क्वचित त्यामागे जठराचा लिम्फोमाही असू शकतो.

लिम्फोमा म्हणजे काय?
संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा हा कर्करोग. जठरातील त्याच्या संथ वाढणाऱ्या ‘माल्ट’ प्रकारामागे बहुतांश वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. हा संसर्ग भारतात सर्रास आढळतो. लिम्फोमा मात्र त्यातील फार थोड्यांना होतो.

निदान कसे होते?
तोंडावाटे दुर्बीण घालून एंडोस्कोपी करतात आणि जठरातील अनेक ठिकाणचे लहान तुकडे बायोप्सीसाठी घेतात. आजार किती पसरला, हे स्कॅनमधून कळते. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या सुरू असतील, तर जिवाणू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा.

उपचार काय?
सुरुवातीच्या टप्प्यातील ‘माल्ट’मध्ये जिवाणू सापडला, तर पहिला उपचार अँटिबायोटिक्सचा. साधारण १४ दिवसांच्या कोर्सनंतर बहुसंख्य रुग्णांत हा आजार विरतो. त्याला काही महिने लागतात, त्यामुळे पुन्हा एंडोस्कोपी करावी लागते. फरक न पडल्यास कमी मात्रेचे रेडिएशन देतात. वेगाने वाढणाऱ्या प्रकारात रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी लागते. जठर काढण्याची वेळ आता क्वचितच येते. मात्र मनाने अँटिबायोटिक्स घेऊ नका.

कारखान्यांनी काय करावे?
१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि इथे पेनिसिलिन बनू लागले. या नगरीला औषधे नवी नाहीत. कमी पडते ती वेळेवर तपासणी. खाडा झाला तर पगार कापला जाईल, या धास्तीने कंत्राटी कामगार एंडोस्कोपी पुढे ढकलतो. कंपनीच्या दवाखान्यातून एकच कामगार वारंवार पित्ताची गोळी नेत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावे आणि तपासणीच्या दिवसाचा पगार द्यावा. गोळ्यांची नोंद वहीत असतेच; ती कोणीतरी वाचायला हवी.

लगेच डॉक्टरांकडे जा, जर…
• कारण नसताना वजन घटत असेल
• शौच काळी होत असेल
• उलटीतून रक्त पडत असेल
• थोडे खाल्ले तरी पोट भरत असेल