कर एकटे तुम्हीच भरत नाही

आम्ही राबून कर भरायचा आणि सरकारने तो मतांसाठी वाटून टाकायचा! लाडकी बहीण योजनेवर परवा एका व्याख्यात्यांनी तासभर जे सांगितलं, त्याचा सगळा ऐवज या एका वाक्यात मावतो. बाकीचं ओघाने आलं. बायका कामाला येईनाशा झाल्या, अपात्रांनी पैसे लाटले, राज्याचं दिवाळं निघतंय. टाळ्याही भरपूर पडल्या. पगाराच्या स्लिपवर कपातीचा आकडा पाहून दर महिन्याला हळहळणाऱ्यांना हे ऐकायला गोड लागणारच. पण ते खोटं आहे, आणि गरीब बाईचा अपमान करणारं आहे.

पगारातून कापला जातो तो प्राप्तिकर केंद्र सरकारचा. या योजनेत बायकांना महिन्याला 1,500 रुपये देतं ते राज्य सरकार. राज्याची तिजोरी मुख्यतः भरते ती वस्तू आणि सेवा करातल्या राज्याच्या हिश्शाने, पेट्रोल-डिझेलवरच्या व्हॅटने, दारूवरच्या शुल्काने आणि मुद्रांक शुल्काने. हे कर देताना कुणी पॅन कार्ड विचारत नाही. सिन्नरच्या बाजारात भाजी विकणारी बाई चहापत्ती घेते, गोडेतेलाची पिशवी घेते, त्यावर 5 टक्के कर. 2022 पासून पाकीटबंद पिठावरही 5 टक्के. मोबाइलचं रिचार्ज मारते त्यावर 18 टक्के. यातला निम्मा वाटा राज्याचा. तिचा माल ज्या टेम्पोने येतो त्याच्या डिझेलवर व्हॅट आहे आणि तो भाड्यात तिच्याकडूनच वसूल होतो. ती एसटीत बसली की तिकिटाच्या पैशातून प्रवासी कर निघतो. सुटं धान्य आणि भाजीपाला करमुक्त आहे, हे मान्य. पण माणूस नुसत्या ज्वारीवर जगत नाही.

आता दोघांच्या मिळकती शेजारी शेजारी ठेवून बघा. महिन्याला दोन लाख कमावणारा गृहस्थ त्यातले लाखभर म्युच्युअल फंडात टाकतो. त्या लाखाला वस्तू आणि सेवा कर शिवतही नाही. भाजीवालीची कमाई महिनाअखेरपर्यंत पुरी संपते आणि तिच्या बऱ्याच खरेदीवर कर असतो. म्हणजे आकड्याने ती कमी भरते, पण मिळकतीच्या मानाने तिच्यावरचा भार हलका मुळीच नाही. आणि व्याख्याते तिलाच फुकटी म्हणतात!

प्राप्तिकरही शेवटी राज्याकडे येतोच की, असं कुणी म्हणेल. येतो. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य केंद्रीय करांपैकी 41 टक्के राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के होता. राज्याने स्वतः गोळा केलेल्या करांपुढे ही रक्कम लहान आहे. आणि त्या केंद्रीय करांतही वस्तू आणि सेवा कर आहेच. तोही भाजीवाली भरते.

मग पगारदाराच्या खिशातून राज्याला थेट जातं काय? व्यवसाय कर. वर्षाला 2,500 रुपये. 12 हजार पगाराचा रखवालदारही 2,500 भरतो आणि ज्या इमारतीची तो राखण करतो, तिच्यात राहणारा कंपनीचा संचालकही 2,500च भरतो. संविधानाच्या 276व्या कलमातली ही मर्यादा 1988 पासून तिथेच आहे. याबद्दल व्याख्यात्यांनी तासाभरात अवाक्षर काढलं नाही.

बायका कामाला येत नाहीत म्हणे. 1,500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. तेवढ्यावर कुणी काम सोडत असेल, तर त्या कामाची मजुरी तपासा. रोजगार हमीच्या काळातही मोठे बागायतदार मजूर मिळत नाहीत म्हणून असेच ओरडत होते. अपात्रांना वगळाच, त्याला कोण नाही म्हणतंय? आणि दिवाळं? 2025-26च्या अंदाजात कर्ज 9.32 लाख कोटी आहे, म्हणजे राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत. याला दिवाळं म्हणत नाहीत.

तरी राज्याचा कारभार चोख आहे, असं मी म्हणणार नाही. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी होती, म्हणजे रोजच्या खर्चासाठी कर्ज. मार्च 2025मध्ये तो मांडला आणि चार महिनेही उलटले नाहीत तोच 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या विधिमंडळात आल्या. 2015मध्ये दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार बसवला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, अधिभार मात्र गेला नाही. खर्च आधी जाहीर करायचा आणि पैसा मागाहून मिळेल तिथून उचलायचा, ही खोड सगळ्याच पक्षांच्या सरकारांना आहे.

याच महाराष्ट्राने कधीकाळी वेगळा रस्ता धरला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी कर लावले गेले. 1975चा व्यवसाय कर त्यातलाच. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामासाठी तो भरावा, हे उघड सांगितलं गेलं आणि करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनेही घालावी, असं ठरलं. लाडकी बहीण योजनेलाही असाच ठरलेला झरा हवा. व्यवसाय कराची मर्यादा उठवण्यासाठी राज्याने केंद्राकडे संविधान दुरुस्तीचा आग्रह धरावा, मोठ्या पगारांवर चढता दर लावावा आणि ती रक्कम योजनेच्या नावाने वेगळी राखावी. त्याने सगळा खर्च भागणार नाही. पण किती भागतो आणि किती उसना आणावा लागतो, हे तरी दिसेल.

येत्या मार्चमध्ये आपल्या आमदाराला एवढंच विचारा : या योजनेचा पैसा कोणत्या करातून येणार? आणि 2,500 रुपयांवर अडलेल्या आपल्या व्यवसाय करात वाढ सुचवली गेली, तर तेव्हाही टाळ्या वाजवा.