गाणाऱ्याच्या शेजारी कोण बसतं?

माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या पोराला स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर आज पुण्या-मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागत नाही. मोबाईल, स्वस्तातला माइक आणि आवाज घुमू नये म्हणून दाराला टांगलेली गोधडी एवढ्यावर भागतं. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा. ताल मात्र इंटरनेटवरून उतरवलेला असतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तसाच वाजत राहतो. गाणं मित्रांना पाठवलं की पाच मिनिटांत अंगठे येतात, ‘लय भारी’ येतं, आणि विषय संपतो. उसना ठेका आणि फुकटची शाबासकी ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत, असं आमचं म्हणणं आहे. गाणाऱ्याच्या शेजारी वाजवणारा बसेनासा झाला, हे ते दुखणं.

घरी रचलेलं गाणं या मुलखाला नवं नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. या ओव्यांना वाद्य नव्हतं. लय दगडाची होती, आणि परीक्षक जात्याच्या दुसऱ्या बाजूला, त्याच खुंट्याला हात लावून बसलेली. नवी ओवी तिला भावली तर ती पुढची ओळ उचलायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी गायची. नाही भावली तर ओवी तिथेच पिठात मिळायची. धनगरी ओवीतही मुख्य गाणाऱ्याची ओळ झीलकरी उचलतो आणि परत फिरवतो. गुंथर सोंथायमर या जर्मन संशोधकाने बिरोबा-खंडोबाच्या या परंपरेचा माग काढण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. झीलकऱ्याला ओळ जड गेली, की ओळीत काहीतरी अडलंय हे गाणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

आषाढात तर हा तालुका महाराष्ट्रातली सगळ्यात लांब तालीमच पाहतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते, तुकोबांची अकलूजवरून. दिंडीत अभंगाची लय पाय ठरवतात. एखाद्याने उत्साहाच्या भरात चाल पळवली, तर पखवाजी त्याला टोकत नाही, नुसता हात जड करतो. गाणारा वेगावर येतो. चारचौघांत अपमान न करता चूक दुरुस्त करण्याची याहून सभ्य रीत आम्हाला माहीत नाही.

सभ्य नसलेलीही रीत होती. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात समोरचा शाहीर तुमचं कवन अत्यंत मन लावून ऐकायचा, कारण त्यातलं वैगुण्य काढूनच त्याला बाजी मारायची होती. पेशवाईच्या उत्तरार्धात सोलापूरच्या शाहीर रामजोशींनी हा फडही गाजवला आणि पुढे कीर्तनात उभं राहून बारामतीच्या पंडितकवी मोरोपंतांच्या आर्याही गावोगाव नेल्या. फडातला रांगडा श्रोता आणि पंतांसारखा काटेकोर पंडित, असे दोन्ही कान एकाच कवीच्या वाट्याला आले. त्यांच्या रचनेतला लय-यमकांचा नेमकेपणा हवेतून आलेला नाही.

या सगळ्याचं गुणगान गाताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. ज्यांचा कान सगळ्यात तयार होता, त्यांना मत विचारायची पद्धत गावात नव्हती. हलगी वाजवणं हे परंपरेने मातंग समाजाच्या वाट्याला आलेलं गावकीचं काम. जत्रा, वरात, कुस्तीचं मैदान, प्रेतयात्रा, दवंडी. हलगीशिवाय काहीच होत नसे आणि हलगीवाल्याला बसायला घोंगडंही टाकलं जात नसे. लावणी नाचणाऱ्या बाईला दाद मिळायची ती दौलतजाद्याच्या नोटेतून, म्हणजे ज्याचा खिसा जड त्याचं मत जड. त्यामुळे जुना काळ परत आणा, अशी हाक आम्ही मुळीच देत नाही.

मग यंत्र आलं, आणि यंत्राने सगळ्यात आधी वाजवणाऱ्यालाच मागे ढकललं. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर खाच पाडणार. ठोक्याची वाद्यं या पद्धतीला झेपत नसत. अमेरिकेतल्या जॅझ वादकांना मोठे ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागे, कारण ढोलाच्या दणक्याने सुई उडायची. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर तबला कुठेतरी शेजारच्या घरात वाजत असावा असा ऐकू येतो. त्यात तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. अर्धी रात्र रंगणारी लावणी तीन मिनिटांत कोंबायची म्हटल्यावर पहिली कात्री ढोलकीच्या तोड्यांवरच चालली. 1925च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि ताल हळूहळू पुढे सरकला.

यंत्राबरोबर मत देणारेही बदलले. आकाशवाणीने परीक्षणाची सरकारी व्यवस्था उभी केली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण केसकर 1952 ते 1962 नभोवाणी मंत्री होते; त्यांच्या काळात ऑडिशनची पद्धत पक्की झाली, कलाकार न पाहता आवाज ऐकायचा आणि श्रेणी द्यायची. पद्धत चांगली, आवड मात्र सोवळ्यातली. लोककलावंताला त्या दारात बराच काळ ताटकळावं लागलं. कॅसेटने ते दार ओलांडलं: भीमगीतं, कोळीगीतं, देवीची गाणी एसटी स्टँडवरच्या टपरीत विकली जाऊ लागली. कॅसेटच्या जगात मत द्यायचा तो दुकानदार, आणि त्याचं मत एकच असायचं, खपली की नाही.

याच सुमारास जपानच्या रोलंड कंपनीची तालयंत्रं आली. 1980 साली ‘टीआर-808’, 1985च्या सुमारास ऑक्टापॅड. ऑक्टापॅड महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी आणि बँजो पार्ट्यांनी असं काही आपलंसं केलं की ते जपानी आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तिथवरही बिघडलं नव्हतं, कारण ऑक्टापॅडमागे हात होते, हातांमागे नाचणारी वरात पाहणारे डोळे होते. पुढे लूप, म्हणजे तोच तुकडा फिरून फिरून वाजवणारे आयते ठेके, आले आणि हातांबरोबर डोळेही गेले.

2016 साली ‘सैराट’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातला, नायिका आमच्या अकलूजची, आणि अजय-अतुलच्या संगीतातला वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या स्टुडिओत मुद्रित झालेला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक नवख्या संगीतकाराला त्यातल्या ‘झिंगाट’सारखा ठोका हवा असतो. हवा असायला हरकत नाही. पण तो ठोका आयता पॅक उतरवून येत नाही.

मग घरी मुद्रित केलेल्या गाण्यात सुधारणा कुठे करायची? लूप बंद करून नुसत्या टाळीवर गाणं म्हणून पाहावं. टाळीवर जे लंगडतं ते लूपखाली फक्त दडतं. आयत्या लूपमधले ठोके बहुधा एकाच वजनाचे असतात. हाताचे तसे नसतात, समेवरचा ठोका वजनदार आणि मधले हलके, म्हणून भजनी ठेका आठच मात्रांचा असूनही तासभर कंटाळा येत नाही. ओळ संपते तिथे ताल थोडा मोकळा सोडावा किंवा तोडा घ्यावा. गाणाऱ्याला श्वासही तिथेच हवा असतो. हलगी खरीच घ्यायची तर शेकून, सिमेंटच्या बंद खोलीऐवजी ओसरीत, मोबाईलपासून चार-पाच पावलं लांब. मोबाईल आवाजाची पातळी आपणहून कमी-जास्त करतो; हलगी जवळ कडाडली की तो सगळंच दाबतो आणि गळा बुडतो. म्हणून गळा वेगळा, हलगी वेगळी मुद्रित करावी. आणि शेवटी ते मोबाईलच्या छोट्या स्पीकरवरही ऐकावं, ट्रॅक्टरवरच्या मोठ्या डब्यावरही. हेडफोनमध्ये छाती हलवणारा खर्जातला दणका मोबाईलवर ऐकूच येत नाही.

हे सांगायला कुणी परदेशातला ध्वनितज्ज्ञ लागत नाही. तालुक्यात ढोलकीपटू आहेत, हलगीवाले आहेत, धनगरी गजीनृत्याचे ढोलवाले आहेत, गावोगाव पखवाजी आहेत. अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धेची परंपरा आहे. त्या परंपरेला जोडून एक दिवस फक्त घरी मुद्रित केलेली नवी गाणी ऐकण्यासाठी ठेवावा. बक्षीस नको, क्रमांक नको. गाणं वाजवायचं, मग लूप बंद करायचा आणि त्याच गाण्याला एका वादकाने समोर बसून साथ करायची. कुठे त्याचा हात अडखळतो ते रचणाऱ्याने पाहायचं, आणि वादकाने कारण सांगायचं. एखादं ग्रंथालय किंवा गणेश मंडळसुद्धा हे वर्षातून दोनदा करू शकेल. त्याला साखर कारखान्याचं बळ लागत नाही.

एक अट मात्र हवी. वादकाची बिदागी आधी ठरवावी, आधी द्यावी, आणि ती लावणी स्पर्धेच्या परीक्षकाच्या मानधनाएवढी असावी. ‘आपल्याच गावचा आहे, येईल की’ म्हणून बोलावणं म्हणजे तेच जुनं बलुतं, फक्त धान्याऐवजी चहावर.