संयुक्त सराव आणि सीमेवरील वास्तव

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे गाठता येणाऱ्या बेळगावात डिसेंबर २००८ मध्ये चिनी सैनिकांची एक तुकडी भारतीय जवानांसमवेत दहशतवादविरोधी सराव करीत होती. मुंबईवरील हल्ल्यास तेव्हा महिनाही उलटला नव्हता. 'हँड इन हँड' नावाचा हा सराव पुढे २०१४ व २०१६ साली पुण्यातही झाला. मधल्या काळात, २०१० मध्ये, चीनने एका ज्येष्ठ भारतीय सेनाधिकाऱ्यास व्हिसा नाकारताच लष्करी देवाणघेवाण थांबली होती. २०१७ मध्ये डोकलामच्या तिढ्याने सराव पुन्हा बारगळला. डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयात तो पार पडला, आणि अवघ्या सहा महिन्यांनी गलवानमध्ये आपले २० जवान धारातीर्थी पडले.

म्हणून असे सराव निरर्थक ठरविणे घाईचे होईल. अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये अमेरिकेने 'मलबार' हा नाविक सराव थांबविला व २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. राजधान्यांतील हवा कोणत्या दिशेची, हे त्यावरून जगाला कळले. पण तापमापकाने ताप उतरत नाही. सीमातंट्याचे बिकट काम टाळून सरावाचा गाजावाजा करणे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. खर्च किरकोळ आणि छायाचित्रे मुबलक! 'हँड इन हँड' पुन्हा भरवावयाचा झाल्यास, ऑक्टोबर २०२४ च्या गस्तविषयक समझोत्यानंतर लडाखमधील फौजा प्रत्यक्षात किती हटल्या, याचा हिशेब सरकारने आधी संसदेपुढे मांडावा.