चिमणीला हातोडा लावण्याआधी थांबा

लंडन, बाथ, ब्रिस्टलमध्ये दोन-अडीचशे वर्षांच्या जॉर्जियन ओळीतलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनो, कंत्राटदाराच्या हाती चावी देण्याआधी पाच मिनिटं थांबा.

तुमचं घर एकटं उभं नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्याही आहेत. “ही चिमणी काढली की खोली ऐसपैस होईल,” असं कोणीतरी म्हणेलच. पण खालची चिमणी काढल्यावर छपरावरच्या विटांचा भार पेलणार कोण? आणि त्या विटांखाली कोणाचं पोर झोपतं? इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीटही हलवू देऊ नका. सामाईक भिंतीला हात लावायचा तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. द्याच. पण आधी त्यांचं दार वाजवा, चहाला बोलवा.

आता रस्त्यापलीकडे जाऊन घराकडे नीट पाहा. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण दिवाणखाना तिथे. वर जावं तशा खिडक्या बुटक्या होत जातात. खाली बैठक, मध्ये खांब, वर कंगणी हे ग्रीक-रोमन मंदिराचं गणित, दर्शनी भागात एकही खांब नसला तरी पाळलेलं. आणि खिडक्या भिंतीत आत का सरकल्यात? 1666 च्या आगीत लंडन जळलं, त्याचा तो धडा. 1709 च्या कायद्याने लाकडी चौकट चार इंच आत घ्यायला लावली. 1774 च्या कायद्याने तिची पेटी विटांआड लपवली. आपल्याला जी शोभा वाटते ती मुळात आग पसरू नये म्हणून केलेली सोय. ती उपटून प्लास्टिकची खिडकी बसवू नका. लाकडी सरकती खिडकी दुरुस्त होते. सुतार शोधा. दुरुस्त करून घ्या.

सर्वांत मोठा धोका मात्र दिसत नाही. तो सिमेंटच्या पोत्यातून येतो. ही घरं चुन्यात बांधलेली. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. विटा फुटतात, भिंतीतली तुळयांची टोकं कुजतात, मुलांच्या खोलीत काळी बुरशी चढते. मग वर्षभर खोकला, आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. स्वस्तात होतंय म्हणून मान डोलवू नका. विटांमधल्या दर्जा चुन्यानेच भरा. दर्शनी कठड्यामागच्या छपराची पन्हळ पानगळीत एकदा साफ करा आणि पानगळ सरल्यावर पुन्हा करा. ती तुंबली की पाणी थेट घरात येतं.

घर ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित इमारतींच्या यादीतलं, असेल तर परवानगीविना त्याचं रूप बदलणं हा गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं कामही तुमच्या गळ्यात येऊ शकतं. म्हणून खरेदीच्या सहीआधी वकिलाला स्पष्ट विचारा.

“आमच्या एका घराने काय होतं?” असं म्हणू नका. बाथची रॉयल क्रेसेंट, तिची तीसही घरं, दिमाखात उभी आहेत. पण त्याच गावात 1960-70 च्या दशकांत साध्या कारागिरांच्या घरांच्या ओळीच्या ओळी बुलडोझरखाली गेल्या. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये मात्र 1977 साली काही माणसं एल्डर स्ट्रीटवरच्या घरांत ठाण मांडून बसली आणि पाडकाम थांबलं. लंडनमधलंच किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेब आंबेडकरांचं 10 नंबरचं घरही ओळीतलंच, काळाने जरा अलीकडचं, व्हिक्टोरियन. ते जपायला 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तुमच्याकडून एवढी मोठी अपेक्षा नाही.

सोमवारी कामगार येणार असतील तर आजच फोन करून त्यांना थांबवा. कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याची वेळ घ्या. चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याचं नाव शेजारच्या आजींना विचारा. आणि हा मजकूर पुढच्या दारातल्या मराठी घरालाही द्या. त्यांचाही कंत्राटदार कदाचित ठरला असेल.