अन्नपूर्णेवर राहिलेली प्रोग्रामर



आम्हा इस्लापूरकरांना डोंगर आणि रेल्वे दोन्ही ओळखीचे. किनवट-माहूरचे डोंगर, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आणि मुदखेड–आदिलाबाद मार्गावरची गाडी, हे सारे रोजच्या पाहण्यातले. मुंबईला जायचे झाले की नंदिग्राम एक्सप्रेसचे तिकीट मोबाईलवर पाहतो. तारीख टाकली की रिकाम्या जागा समोर येतात. लाखो नोंदींतून हवी ती नोंद शोधण्याची विद्या ज्यांनी घडवली, त्यांच्यातल्या एका बाईची आठवण आज करू या. तिला डोंगरांचे वेड होते आणि तिचा शेवटही डोंगरावरच झाला.

तिचे नाव व्हेरा वॉटसन. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ती प्रोग्रामर होती.

पूर्वी तिकीट खिडकीमागचा बाबू जाडजूड रजिस्टर उघडून जागा शोधायचा. आपल्या रेल्वेचे आरक्षण 1980 च्या दशकाच्या मध्यात दिल्लीपासून संगणकावर जाऊ लागले. पण संगणकात नोंदी भरल्या म्हणजे काम संपले असे नाही. कोणती नोंद कुठे ठेवली आहे, हे माहीत असल्याशिवाय ती सापडत नसे. 1970 मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी एक साधी कल्पना मांडली: सर्व माहिती तक्त्यांत ठेवावी आणि माणसाने फक्त काय हवे ते विचारावे. कसे शोधायचे ते यंत्राने पाहावे.

कल्पना कागदावर छान होती, पण ती चालेल का, अशी शंका अनेकांना होती. ती चालवून दाखवण्यासाठी सॅन होजेमध्ये ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यातूनच एसक्यूएल ही भाषा घडली. आज बँक, दवाखाना, शाळा, कार्यालय अशा असंख्य ठिकाणच्या नोंदी याच पद्धतीने ठेवल्या जातात. 1976 मध्ये या कामावर निबंध छापून आला, त्यावर चौदा जणांची नावे आहेत. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली. म्हणून वॉटसन हे सर्वांत शेवटचे.

नोकरी सांभाळून ही बाई डोंगर चढत होती. 1974 मध्ये दक्षिण अमेरिकेतले 6961 मीटर उंचीचे अकोंकाग्वा शिखर एकटीने चढणारी ती पहिली स्त्री ठरली. 1978 मध्ये अर्लीन ब्लम यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी स्त्रियांची मोहीम नेपाळमधील अन्नपूर्णेवर गेली. उंची 8091 मीटर. आपली कळसूबाई 1646 मीटरची, म्हणजे जवळजवळ पाच कळसूबाई एकावर एक. खर्चासाठी या बायकांनी टी-शर्ट विकून पैसे उभे केले होते.

15 ऑक्टोबरला आयरीन मिलर आणि व्हेरा कोमारकोवा या दोघी दोन शेर्पांसह शिखरावर पोहोचल्या. त्यानंतर वॉटसन आणि अॅलिसन चॅडविक या दुसऱ्या जोडीने मधल्या शिखराचा ध्यास घेतला. शेर्पांविना दोघीच वर निघाल्या. 17 ऑक्टोबरला दोघी कोसळून मरण पावल्या.

हे वाचून काही घरांत म्हटले जाईल, ‘पाहा, बायका घराबाहेर पडल्या की असे होते.’ आम्हाला हे पटत नाही. पर्वतावर पुरुषही मरतात आणि त्यांच्या मरणाचा दोष कुणी त्यांच्या पुरुष असण्याला देत नाही. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे. मात्र आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही आपली शिकवण. मधल्या शिखरावर दोघींनीच जावे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो सावधगिरीचा प्रश्न आहे, बाई असण्याचा नव्हे.

तिचे पती जॉन मॅकार्थी मोठे संगणकशास्त्रज्ञ. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे इंग्रजीतले नाव त्यांनी रूढ केले. त्यांचे नाव पुस्तकोपुस्तकी सापडते, व्हेराचे क्वचितच. माणूस गेल्यावर त्याने मागे ठेवलेल्या उपयोगी इल्मचा फायदा लोकांना होत राहतो, हे आपण मजलिसीत नेहमी ऐकतो. तो इल्म मोठ्या नावाचाच असतो असे नाही. चौदा जणांच्या यादीतल्या शेवटच्या नावाचाही त्यात वाटा असतो.

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत प्रश्न उभा राहतो: मुलीला कॉम्प्युटर शिकायला नांदेडला पाठवायचे का? भाडे किती, हॉस्टेल कसे, येताना गाडी किती वाजता, हे सगळे जरूर विचारा. अब्बांनी स्वतः जाऊन हॉस्टेल पाहून यावे, अम्मीने तिथल्या मुलींशी बोलावे. पण एवढे सगळे नीट जमत असताना केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिचा अर्ज कपाटात ठेवू नका. तारीख निघून जाते आणि मुलगी वर्षभर गप्प राहते.