श्रद्धेची किंमत कोणी मोजावी?

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमवावी लागली. त्याला आता शतक उलटले. १९७१ च्या कायद्याने वैद्यकीय गर्भपातास मान्यता दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका, तर विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत पतीची संमती कायदा मागत नाही. अनेक रुग्णालये मात्र मागतात.

अंदर मावळातील वा पवन मावळातील मजूर स्त्रीला वडगाव, तळेगाव किंवा लोणावळा गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे पडते. ‘सही घेऊन या’ म्हणून तिला परत धाडले, की खर्च दुप्पट होतो आणि मुदत काही थांबत नाही.

गर्भपात पाप मानणाऱ्या डॉक्टराची सद्सद्विवेकबुद्धी आदरणीयच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. अशा कायद्याचा धाकही समजण्याजोगा आहे. परंतु गुन्हा लिंगनिदानाचा आहे, कायदेशीर गर्भपाताचा नव्हे. ज्याला नकार द्यायचा असेल त्याने अवश्य द्यावा. मात्र त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टराच्या नावे चिठ्ठीही द्यावी.

कर्व्यांनी आपल्या मतांची किंमत स्वतः मोजली. आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याच्या मजुरीतून आणि देहातून वसूल करणे, याला नीती म्हणता येणार नाही.