नवतपा, दुपट्टा आणि दोन बोटं मलम

२६ मेच्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास नागपुरात गच्चीवर पितळी तांब्या उभा करून पाहावा. त्याची सावली त्याच्याच बुडाखाली शिरते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागलेला असतो आणि सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत कोणाला ऊन समजावून सांगावं लागत नाही. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, ते दिवस या शहराला अजून आठवतात.

पण १७ जुलैच्या सुमारास सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो. तेव्हा पाऊस लागलेला असतो, कूलरचं पाणी उपसून टाकलेलं असतं आणि दुपट्टा घडी होऊन कपाटात गेलेला असतो. आपण ऊन तापमानावर मोजतो. कातडीला मात्र पाऱ्याशी देणंघेणं नाही. तिला जाळतात ते अतिनील किरण. ते गरम लागत नाहीत, दिसत नाहीत, आणि विरळ ढगांतून बऱ्यापैकी खाली येतात. त्यांचा जोर ओळखायची जुनी, बिनखर्चाची खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर कातडी झाकावी. नागपूरच्या अक्षांशावर २२ डिसेंबरलासुद्धा भर दुपारची सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच पडते. म्हणजे या शहरात वर्षातला एकही दिवस या नियमातून सुटत नाही.

जर्मनीत योहान रिटरने १८०१ साली जांभळ्या रंगापलीकडचे हे किरण शोधले. विदर्भातला शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून तांबडं फुटायच्या आत वावरात जात होता आणि डोक्याला कापड गुंडाळून दुपार बाभळीखाली काढत होता. इंग्रजांच्या काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी, पण उन्हाळ्यात साहेबांचा कारभार पचमढीच्या डोंगरावर जायचा. ज्यांना ऊन टाळता येत होतं त्यांनी टाळलं. रस्ता खणणारे आणि कापूस वेचणारे इथेच राहिले.

सनस्क्रीनचा जन्म या लोकांसाठी झाला नाही, आणि त्याचा परिणाम आपण आजही भोगतो आहोत. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये समुद्रकिनारी अंग शेकायची हौस वाढली, तेव्हा लॉरिआलच्या युजीन शुलर यांनी बेन्झिल सॅलिसिलेट असलेलं तेल बाजारात आणलं. फ्रान्झ ग्रायटर १९३८ साली आल्प्समधलं पिझ ब्युईन शिखर चढताना भाजून निघाला आणि १९४६ साली त्याने बर्फातल्या गिर्यारोहकांसाठी क्रीम काढलं. एसपीएफ हे माप त्यानेच १९७४ साली रूढ केलं. लगेच पुढच्या वर्षी भारतात फेअर अँड लव्हली आलं. अतिनील किरण अडवणारे घटक त्यातही होते, पण विकला गेला तो गोरेपणा. युरोपात हे रसायन चैनीचं झालं, आपल्याकडे लग्नाच्या बाजारातलं. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला गोरेपणा गेला, पण समज गेला नाही. ‘मी काळाच आहे, मला कशाला सनस्क्रीन?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. तो विचारणाऱ्याचा काही दोष नाही.

त्याचं खरं उत्तर असं. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन मोठं राखण करतं, म्हणून त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या समाजांच्या मानाने फार कमी. पण वांग येतो, काळपट चट्टे पडतात, उन्हाने पुरळ उठतं. गाजर गवताची अ‍ॅलर्जी झालेल्या शेतकऱ्याच्या मानेवरची कातडी उन्हात आणखी चिघळते. कोड असलेल्यांचे पांढरे डाग चटकन भाजतात. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना तर कर्करोगाचा धोका खराच असतो. आणि कोणत्याही जुन्या ड्रायव्हरच्या मनगटावरचं घड्याळ जरा सरकवून पाहा. पट्ट्याखालची कातडी मऊ, फिकट. दोन बोटं वर ती जाड, रेघारेघांची, खिडकीकडच्या उजव्या हातावर जास्तच. काच भाजणारे किरण बरेचसे अडवते, पण खोलवर जाऊन कातडी म्हातारी करणारे ‘यूव्हीए’ किरण आत सोडते.

सनस्क्रीनमधले केमिकल फिल्टर म्हणजे कातडीवर बसलेले असे रेणू, जे हे किरण आधीच पिऊन टाकतात. किरणाची ऊर्जा घेऊन रेणूतला इलेक्ट्रॉन क्षणभर वरच्या पातळीवर उडी मारतो. खाली येताना ती ऊर्जा किंचित उष्णता होऊन निघून जाते आणि रेणू पुढच्या किरणाला तयार होतो. पण तो अमर नाही. यूव्हीए अडवणारं अ‍ॅव्होबेन्झोन उन्हातच मोडत जातं, म्हणून त्याच्या जोडीला ऑक्टोक्रायलीनसारखा सांभाळणारा घटक घालतात. झिंक ऑक्साइडची पांढरी क्रीमं किरण आरशासारखी परतवतात असं सांगितलं जातं, पण तीही बहुतांश किरण शोषूनच घेतात.

एसपीएफ ३० म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडले, ५० म्हणजे ९८. आकड्यातल्या या फरकापेक्षा किती लावलं हे कितीतरी महत्त्वाचं. ही मापं कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन घेतलेली असतात. घरात त्याचं माप म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून बुडापर्यंत काढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला मिळून. निघण्याआधी १५ मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला की लगेच. या मापाने दिवसातून दोनदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे पुरते. ज्या घरी ती होळीपासून मृगापर्यंत चालते, तिथे सनस्क्रीनचा फक्त वास लागतो आहे. ‘यूव्हीए’साठी पीए+++ बघावं. वांग असेल तर रंगीत, आयर्न ऑक्साइड घातलेलं घ्यावं, कारण त्याला डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, फोड येतात. आणि ट्यूब स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नये. मेमधल्या डिक्कीत क्रीम फुटतं, तेल वेगळं होतं आणि फिल्टर एकसारखे पसरत नाहीत.

सुरक्षिततेची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ऑक्सिबेन्झोनसह अनेक फिल्टर रक्तात उतरलेले आढळले, पुढची तपासणी मागावी इतक्या प्रमाणात. नुकसान झाल्याचं त्यातून सिद्ध झालं नाही आणि वापर थांबवू नका असंच त्या खात्याने सांगितलं. तरी गरोदर बाईने आणि लहान मुलांसाठी झिंक ऑक्साइडचं क्रीम घेणं शहाणपणाचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावू नये, सावलीतच ठेवावं. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस पाहावं. आणि सनस्क्रीनने उष्माघात टळत नाही. त्याला पाणी, सावली आणि विश्रांतीच लागते.

कापड पहिलं, मलम दुसरं, हा क्रम सीताबर्डीच्या सिग्नलवर डोळ्यांपुरती फट ठेवून दुपट्टा बांधणाऱ्या पोरींनी बरोबर लावला आहे. उरतात डोळ्यांभोवतीची कातडी आणि हँडलवरचे पंजे, आणि सनस्क्रीनची जागा तिथे आहे. पण कराच्या वर्गीकरणात ते ३३०४ या शीर्षाखाली, मेकअपच्या सामानाशेजारी बसलेलं आहे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला दर तीन आठवड्यांनी ट्यूब परवडत नाही. नागपूरने २०१६ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला, तो जीव वाचवण्यासाठी होता आणि हवाच होता. आता सफाई कामगार, वाहतूक पोलीस आणि रस्त्यावरचे मजूर यांना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी मिळावी, आणि त्यासोबत चेहऱ्या-पंज्यांसाठी सनस्क्रीनही, हातमोजे-बुटांसारखं कामाचं साधन म्हणून. वाटप मेची वाट न पाहता फेब्रुवारीत व्हावं. त्या महिन्याच्या अखेरीस हवा अजून बरी असते, पण भर दुपारी पाच फुटी बाईची सावली नागपूरच्या रस्त्यावर जेमतेम तीन फुटांची पडते.